मोबाईल, अंगठा आणि आपण: अर्धं माणूस, अर्धं यंत्र?



‘सायबॉर्ग’ हा शब्द तुमच्या मुलांनी सिनेमात ऐकला असेल. सोप्या भाषेत सांगायचं तर अर्धं माणूस, अर्धं यंत्र. १९६० साली अमेरिकेत मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नॅथन क्लाइन या दोघांनी हा शब्द तयार केला. माणसाला अंतराळात जगायचं असेल तर शरीराला यंत्राची जोड कशी देता येईल, याचा ते विचार करत होते. आज लोक विचारतात, की उठल्यापासून झोपेपर्यंत मोबाईल हातात असलेले आपण सगळेच सायबॉर्ग झालोय का? प्रश्न गमतीचा वाटेल, पण आपल्या रेशनशी आणि बचतीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

शरीराच्या आतलं

आपल्या गटांमध्ये किती काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ते आठवा. त्यांच्या डोळ्यात आता कारखान्यात तयार झालेलं भिंग आहे. असं भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हेरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी बसवलं. कोणाच्या छातीत पेसमेकर आहे, कितीतरी जणींनी तांबी बसवलेली आहे. म्हणून त्या माणूस राहिल्या नाहीत, असं कोणी म्हणत नाही. भिंग बसल्यावर काकू पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, एवढंच आपल्याला दिसतं.

शरीराच्या बाहेरचं

१९९८ साली अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स या दोन अभ्यासकांनी एक वेगळा मुद्दा मांडला. विसरभोळा माणूस सगळं वहीत लिहून ठेवतो आणि वही बघूनच चालतो, तर ती वही त्याच्या मनाचाच भाग का धरू नये? आपल्याला हे पटायला जड नाही. गटाचं रजिस्टर म्हणजे गटाची आठवणच आहे की! कोणी किती उचल घेतली, किती हप्ते राहिले, हे कोणाच्या डोक्यात नसतं, रजिस्टरात असतं.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर कालवं काढायला जाणाऱ्या बायका तिथीवरून ओहोटी सांगतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, हा हिशोब डोक्यात पक्का. आता मोबाईलमध्ये ओहोटीची वेळ आयती दिसते. ती बघायला हरकत नाही. पण लेकीसुनांना तिथीचा हिशोबही शिकवून ठेवा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मोबाईल बंद पडला म्हणजे आपली अर्धी आठवण बंद पडली, असं व्हायला नको.

मशीन आपल्याला ओळखत नाही तेव्हा

भिंग आपलं काम करतं, वही आपलं ऐकते. पण काही यंत्रं आपल्यालाच तपासतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळे आणि फोटो, अशी आपली नोंद आता शरीराबाहेर ठेवलेली आहे. रेशन घेताना मशीन त्या नोंदीशी आपला अंगठा जुळवून बघतं.

आणि आपल्या बायकांचे अंगठे कसे असतात? काजूच्या टरफलातलं तेल लागलं की कातडी भाजते. मासळी साफ करून, जांभा उचलून, भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजतात. वय वाढलं की आणखी पुसट होतात. मग मशीन नाही म्हणतं. एका आजींनी मला विचारलं, “मशीन सांगतंय मी मी नाय. मग मी कोन?”

आजी, तुम्ही तुम्हीच आहात. मशीन फक्त रेषा जुळवतं. रेषा जुळल्या नाहीत याचा अर्थ माणूस खोटा, असा होत नाही. २०१८ च्या आधार निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हे धरलं आहे, की ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या हक्कदाराला लाभापासून वंचित ठेवू नये, ओळख पटवायला दुसरा मार्ग द्यावा. तेव्हा रिकामी पिशवी घेऊन गुपचूप घरी येऊ नका. हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघा. डोळ्यांनी किंवा ओटीपीने होतंय का ते विचारा. तरीही नाही झालं, तर तहसील कार्यालयात पुरवठा विभागाकडे लेखी अर्ज द्या. एकटीने जायला धीर होत नसेल तर गटातल्या चौघी मिळून जा. ठसे नव्याने नोंदवायचे असतील तर आधार केंद्रावर होतात. माहितीसाठी १९४७ हा नंबर आहे.

दोर कोणाच्या हातात?

ओटीपीवरून दुसरा प्रश्न येतो. तुमच्या आधारला नंबर कोणाचा जोडलाय? किनाऱ्यावर ज्या ताई नारळपाणी, सरबत विकतात, त्यांच्या टेबलावरचा क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा आहे? बरेचदा नंबर मालकांचा आणि खातं मुलाचं असतं. घरची माणसं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. पण दिवसभर उन्हात उभं राहून कमावलेले पैसे किती जमले, हे बघायला दुसऱ्याची परवानगी लागत असेल, तर त्या यंत्राने आपले हात लांब केले नाहीत, बांधले.

म्हणून मला वाटतं, आपण सायबॉर्ग आहोत की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा प्रत्येक यंत्राला एक प्रश्न विचारावा: हे माझं ऐकतं, की मी याचं ऐकते?

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. प्रत्येकीने आधार आणि बँक खात्याला कोणता नंबर जोडलाय ते तपासा. शक्य असेल तर स्वतःचा जोडा.

२. ज्यांचा अंगठा उठत नाही त्यांची यादी करून ग्रामसंघात द्या. एकीचा अर्ज मागे पडतो, दहा जणींचा एकत्र गेला की विचारपूस होते.

३. अंगठ्याने पैसे काढताना दर वेळी पावती मागा. ‘पुन्हा लावा’ म्हटलं तर आधी पहिला व्यवहार झाला का ते बघा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

४. हिशोब ॲपमध्ये भरला तरी रजिस्टर बंद करू नका. दोन्हीकडचा आकडा बैठकीत मोठ्याने वाचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल.

प्रश्न असतील तर मी पुढच्या बैठकीला येतेच आहे, तेव्हा बोलू.

तुमची क्षेत्र समन्वयक