आधी पडायला शिका!

ज्युदोच्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलाला पहिल्या दिवशी काय शिकवीत असतील? प्रतिस्पर्ध्याला उचलून कसे आपटावे, हे? मुळीच नाही! त्याला शिकवतात ते पडायला. मागे पडायचे, कुशीवर पडायचे, कोलांटी घेऊन पुन्हा उभे राहायचे. जिंकण्याच्या विद्येचा आरंभ पडण्याने का व्हावा? याचे उत्तर काही अंशी पदार्थविज्ञानात आहे आणि काही अंशी आपल्या मनात.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म जपानमध्ये १८६० साली झाला. अंगाने ते किरकोळ होते आणि शाळेतील दांडगट मुले त्यांना त्रास देत. म्हणून १८७७ साली ते जुजुत्सू ही जुनी युद्धविद्या शिकू लागले. तिच्यातील धोक्याचे डाव वगळून आणि उरलेल्यांना शास्त्रशुद्ध बैठक देऊन त्यांनी नवी विद्या घडवली. १८८२ साली टोकियोतील एका देवळात, बारा चटया मावतील एवढ्या जागेत, नऊ विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी ‘कोदोकान’ ही शाळा सुरू केली. ‘ज्युदो’ म्हणजे मृदू मार्ग. कानो पेशाने शिक्षक होते, हे ध्यानात ठेवा.

पडण्याचे गणित

५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचा गुरुत्वमध्य पडताना सुमारे १ मीटर खाली येतो असे धरू. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर होईल आणि संवेग ५० × ४.४ = २२० एकक. हा संवेग शून्यावर आणायचाच आहे. प्रश्न एवढाच, की किती वेळात? अंग ताठ ठेवून पडल्यास तो सेकंदाच्या शंभराव्या भागात शून्य झाला, असे समजा. मग सरासरी बल २२,००० न्यूटन येते. तोच वेळ दहापट वाढला, तर बल २,२०० न्यूटनवर उतरते. आपल्याकडे तालमीतील हौद्याची माती कुस्तीपूर्वी उकरून भुसभुशीत करतात, त्याचेही कारण हेच.

ज्युदोपटू पडताना हनुवटी छातीशी घेतो, पाठ गोलाकार करतो आणि हाताने चटईवर सपाट थाप मारतो. त्यामुळे डोके वाचते, थांबण्याचा वेळ वाढतो आणि बल मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते.

सात आणि दहा

आता एक प्रयोग करा. पाठ आणि टाचा भिंतीला टेकवून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरण्याचा प्रयत्न करा. तोल जातो ना? एरवी वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो. भिंतीमुळे ती मागे जात नाही, गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे येतो आणि तोल सुटतो.

ज्युदोचे मर्म यातच आहे. कानो आकड्यांनी समजावून सांगत, की प्रतिस्पर्ध्याचे बळ दहा आणि माझे सात असेल, तर ढकलाढकलीत मी हरणारच. पण तो ढकलत असताना मी तेवढाच मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो. तोल गेलेल्या माणसाचे बळ जेमतेम तीन उरते. मग माझे निम्मे बळदेखील पुरते!

मनाचा तोल

संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते. छाती धडधडते, स्नायू ताठरतात. पळण्याला हे उपयोगी; विचार करण्याला मात्र अडथळा. सुरक्षित जागी शेकडो वेळा पडलेल्या मुलाचा मेंदू शिकतो, की पडणे म्हणजे सर्वनाश नव्हे. भीतीची लाट हळूहळू ओसरते. परीक्षेतील अपयशाने किंवा कोणी केलेल्या चेष्टेने कोलमडू नये, यासाठीही हीच सवय कामी येऊ शकते.

मनगटावरील नाडी धरून हळूहळू श्वास घ्या आणि त्याहूनही सावकाश सोडा. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. राग आवरायचे हे साधन सदैव जवळ असते.

भांडणाचेही तसेच. कोणी ओरडला की आपण दुप्पट ओरडतो. म्हणजे दहाला सातने भिडतो. त्याऐवजी क्षणभर थांबून “तुला नेमके काय खटकले?” असे विचारा. ढकलायला समोर काही उरले नाही, की रागाचाही तोल जातो. याला भित्रेपणा म्हणू नका. मागे सरणारा ज्युदोपटू पाय घट्ट रोवूनच असतो. मात्र कोणी सतत छळत असेल, तर शिक्षकांना किंवा पालकांना सांगायलाच हवे.

युद्धविद्या शिकली की माणूस आपोआप शांत होतो काय? तसे नाही. अमेरिकेत उपद्रवी ठरलेल्या ३४ मुलांवर केलेला एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तायक्वांदो ही कोरियन विद्या तिच्या संयमाच्या शिकवणीसह दिली, त्यांची आक्रमकता घटली. ज्यांना नुसतेच डाव शिकवले, त्यांची वाढली! मुले थोडी होती, म्हणून निष्कर्ष जपून काढावा. पण गुरू काय शिकवतो याला महत्त्व आहे, हे त्यातून दिसते.

ज्युदोत लढतीपूर्वी आणि नंतर प्रतिस्पर्ध्याला वाकून नमस्कार करतात. पकडीत सापडलेल्याने दोनदा थाप मारली, की पकड तत्काळ सोडावी लागते. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या अंतोन गेसिंकने जपानच्या आकियो कामिनागाला त्याच्याच देशात हरवले. आनंदाने बेभान झालेले पाठीराखे मैदानात धावू लागताच गेसिंकने हात उंचावून त्यांना थोपवले आणि शांतपणे प्रतिस्पर्ध्याला अभिवादन केले. डाव जिंकल्यावरही मनाचा तोल कसा राखावा, याचा हा वस्तुपाठच!

एक सूचना : वरचे दोन सोपे प्रयोग घरी अवश्य करा. प्रयोगाच्या वेळी समोर मऊ गादी अंथरा. पडण्याचे किंवा पाडण्याचे डाव मात्र जाणकार शिक्षक आणि चटई असल्याखेरीज कधीही करून पाहू नका.