पिना जुळल्या, व्होल्टचे काय?

शहापूर तालुक्यातील एका शाळेत मागच्या वर्षी अडगळीचे कपाट उघडले, तेव्हा त्यातून तीन जुने संगणक निघाले. तिन्हींमध्ये इंटेलने १९८९ साली बाजारात आणलेल्या ४८६ जातीचे प्रोसेसर होते. शिक्षकांनी विचारले, ‘‘याच जातीचा १९९४ सालचा वेगवान डीएक्स-४ जुन्या बाजारात मिळाला आहे. त्यालाही १६८ पिना आहेत. मग सरळ बसवायला हरकत काय?’’

हरकत पिनांची नाही, व्होल्टची आहे. जुना ४८६ पाच व्होल्टवर चालतो, डीएक्स-४ ३.३ व्होल्टवर. नळजोडणी पाहिलेल्या मुलांना हे चटकन कळते. आटे जुळले म्हणजे पाण्याचा दाब जुळला असे नाही. प्रोसेसरमधील लाखो ट्रान्झिस्टर सतत भारित होतात आणि रिकामे होतात. त्यात खर्च होणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ ला ३.३ ने भागून वर्ग करून पाहा, सुमारे २.३ येतील. म्हणजे उष्णता सव्वादोन पटींहून अधिक! (विद्यार्थिदशेत मी स्वतः अशी एक चिप दोन मिनिटांत निकामी केली आहे.)

यावरचा उपाय म्हणजे मध्ये बसवायची छोटी पट्टिका, इंटरपोझर. तिच्या वरच्या बाजूला सॉकेट आणि खाली पिना असतात. संदेशांच्या बहुतेक पिना सरळ खाली जोडलेल्या असतात. वीजपुरवठ्याच्या पिना मात्र तोडलेल्या असतात. तेथे बोर्डाचे पाच व्होल्ट आधी नियंत्रकात जातात आणि चिपला ३.३ मिळतात.

मग संदेशांचे काय? बोर्डावरील मंडले साधारण दोन व्होल्टच्या वरचा संदेश ‘१’ मानतात, त्यामुळे ३.३ त्यांना पुरतात. उलट दिशेने येणारे पाच व्होल्टचे संदेश सोसण्याची सोय डीएक्स-४ मध्ये मुळातच ठेवलेली होती. ती नसती, तर एवढी साधी पट्टिका पुरली नसती.

साधा नियंत्रक उरलेले १.७ व्होल्ट उष्णतेच्या रूपात घालवतो. प्रवाह एक अँपिअर धरला तर १.७ वॅट. वर्गात शिकवलेले ‘दाब गुणिले प्रवाह’ येथे बोटाला चटका देते! म्हणून त्याला ॲल्युमिनियमची पंखदार पट्टी लावतात.

वेगाची अडचण मात्र येत नाही. बोर्ड ३३ मेगाहर्ट्झवरच राहतो, चिप आतल्या आत तिप्पट वेगाने चालते. (तिप्पट असूनही नावात चार का, हे विक्रेत्यांना विचारावे.)

मुरबाडहून आलेल्या एका शिक्षिकेने विचारले, ‘‘कंपनीला हे सुचले नव्हते का?’’ सुचले होते. इंटेलने जुन्या बोर्डांसाठी डीएक्स-४ ओव्हरड्राइव्ह विकला, त्यात नियंत्रक चिपबरोबरच होता. पुढे १९९७ च्या पेंटियम एमएमएक्सला आत २.८ आणि बाहेर ३.३ असे दोन दाब लागू लागले, तेव्हा पट्टिकाही अधिक गुंतागुंतीच्या झाल्या.

शाळेत आम्ही आधी रिकामी पट्टिकाच बसवली आणि मुलींच्या हाती मल्टिमीटर दिला. त्यांनी ३.२९ वाचून दाखवले. मग वीज बंद करून चिप बसवली.