परसातल्या फळझाडांचे वर्ष

कॅलिफोर्नियात घर घेतले की बहुधा आधीच्या मालकाने लावलेली दोन-चार फळझाडे घराबरोबरच मिळतात. एखादे पीच, एखादे जर्दाळू आणि कुंपणाशी लिंबू. फळे दिसू लागली की आपले लक्ष तिकडे जाते. पण माळ्याचे खरे काम झाडावर एकही पान नसते तेव्हाच असते.

विदर्भातल्या संत्र्याच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ‘ताण’ हा शब्द ठाऊक असेल. पाणी तोडून झाडाला विसावा देतात आणि पुन्हा पाणी सोडले की बहर येतो. इथे पीच-सफरचंदांना तो विसावा थंडी देते. 45 अंश फॅरनहाइटखाली किती तास गेले, यावर त्यांचे फुलणे अवलंबून असते. सफरचंदाच्या अनेक जातींना 800 ते 1000 तास लागतात, ‘ॲना’ जातीला 300 च्या आसपास पुरतात. म्हणून नर्सरीत आधी हा आकडा विचारावा.

हिवाळा : वसंतात पीचची पाने लाल होऊन आक्रसतात. ती दिसल्यावर फवारणी करून उपयोग नसतो. नोव्हेंबरअखेर पानगळ झाली की तांबेयुक्त बुरशीनाशक फवारावे. जानेवारीत छाटणी. पीचला गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फळ धरते, तेव्हा त्यांतल्या निम्म्या बेलाशक काढाव्यात. जर्दाळू आणि चेरी मात्र ऑगस्टमध्ये छाटावी. पावसाळी दिवसांत छाटल्यास जखमेतून बुरशी शिरून फांद्या वाळतात.

वसंत : पीच सुपारीएवढे झाले की विरळणी करावी. दोन फळांत सहा इंच अंतर ठेवावे. जिवावर येते खरे, पण एरवी फळे बोराएवढी राहतात आणि फांद्या मोडतात.

उन्हाळा : पाणी खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली द्यावे, रोज थोडे देण्यापेक्षा अधूनमधून भरपूर. लाकडाच्या चिप्सचे तीन-चार इंच आच्छादन घालावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. कोवळे खोड उन्हाने भाजते. आपल्याकडे चुना लावतात, तसा इथे घरातल्या भिंतींचा पांढरा लेटेक्स रंग निम्मे पाणी घालून लावतात.

शरद : झाडावर सुकून लटकलेली आणि खाली पडलेली फळे गोळा करून टाकावीत. पुढच्या वर्षीची कूज त्यांच्यातच दबा धरून बसते.

आता लिंबू. ते पाने गाळून विसावत नाही, वर्षातून अनेकदा कोवळी पालवी फोडते. नेमक्या याच पालवीवर ‘एशियन सिट्रस सिलिड’ ही तीळभर कीड अंडी घालते. तिच्यामार्फत हुआंगलाँगबिंग रोग पसरतो. पाने डागाळतात, फळे वेडीवाकडी आणि कडवट होतात, झाड काही वर्षांत मरते. यावर औषध नाही. फ्लोरिडात ही कीड 1998 साली आणि रोग 2005 साली सापडला. तिथे 2003-04 च्या हंगामात संत्र्याच्या 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2024-25 मध्ये सव्वा कोटीही नाहीत. वादळांनीही नुकसान केले, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात कीड 2008 मध्ये आली. रोगाचे पहिले झाड 2012 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत सापडले, तेही बागाइतदाराकडे नव्हे, एका घराच्या परसात!

हे सारे सविस्तर लिहिण्याचे कारण आपला कढीपत्ता. तो लिंबाच्याच कुळातला. त्याला हा रोग होत नाही, पण ही कीड त्याच्या पालवीवर सुखाने वाढते. आपल्याकडे रोप एका घरून दुसऱ्या घरी जाते, कुणी हळदीकुंकवाला वाण म्हणूनही देते, आणि रोपाबरोबर न दिसणारी अंडीही जातात. क्वारंटाइन क्षेत्रातून लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे रोप बाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे. भारतातून सामानात ताजी पाने आणण्यासही मनाई आहे.

तेव्हा रोप परवानाधारक नर्सरीतूनच घ्यावे. महिन्यातून एकदा भिंग घेऊन लिंबाची आणि कढीपत्त्याची पालवी तपासावी. शेपूट वर करून तिरकी बसलेली तपकिरी कीड किंवा पिवळसर पिल्लांवर मेणाचे पांढरे वळसेदार धागे दिसले, तर काउंटीच्या कृषी कार्यालयाला कळवावे. आणि येत्या संक्रांतीला वाण म्हणून रोपाऐवजी दुसरे काही निवडावे. आपल्या लिंबाइतकाच शेजाऱ्याच्या लिंबाचाही त्यात जीव वाचेल.