का बरं? : दोरीने बसणारी काच

बेंगळुरूचा जे. सी. रोड म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची पेठ. जुन्या पिकअपची पुढची काच बदलताना कारागीर हमखास दोरी मागतो. कशाला?

काच धरणाऱ्या रबराला दोन खाचा असतात; एकीत काच, दुसरीत पत्र्याची कड. आधी काचेला रबर चढवायचं, मग बाहेरच्या खाचेत दोरी फिरवून टोकं गाडीच्या आत सोडायची आणि कडेला साबणाचं पाणी लावायचं. एकजण बाहेरून काच दाबतो, दुसरा आतून दोरी ओढतो. दोरी सुटत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. फार सुंदर कसब आहे हे!

दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने ही काच फुटली तरी तुकडे त्यालाच चिकटून राहतात. सपाट असेल तर ती मापाने कापूनही मिळते. दाराची टफन्ड काच मात्र कापायला जावं तर आतला ताण सुटून तिचा चुरा होतो.

दारं गंजतात ती तळाशी. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं मातीने बुजली की ते आतच साचतं. म्हणून तळाला नवा पत्रा जोडताना ही भोकं ठेवायला आवर्जून सांगा.