सोपं करा, पण कशाच्या मापाने?

डिजिटल टेक्निक्सच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो: दिलेलं समीकरण के-मॅप वापरून सोपं करा. साकोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनापासून मुंबई-पुण्यापर्यंत इलेक्ट्रॉनिक्सची मुलं तो सोडवतात. सोळा घरांचा चौकोन, त्यात एकांची जोडी, चौकडी, अष्टक, चार कोपऱ्यांची ती फसवी चौकडी लावली की उत्तर दोन ओळींत. मार्क पूर्ण मिळतात. या खटाटोपात वाचवायचं काय, हे मात्र प्रश्नपत्रिका सांगत नाही. रिले वाचवायचे, ट्रान्झिस्टर, वेळ, वीज की चाचणीचा खर्च? माप बदललं की उत्तर बदलतं आणि कधीकधी बीजगणितच बदलावं लागतं.

सुरुवात रिलेंपासून झाली. क्लॉड शॅनन याने १९३७ च्या प्रबंधात दाखवलं की एकापुढे एक जोडलेले कॉन्टॅक्ट म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले म्हणजे 'किंवा'. म्हणजे जॉर्ज बूलचं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं तर्काचं बीजगणित टेलिफोन एक्स्चेंजच्या वायरिंगला जसंच्या तसं लागू पडत होतं. जपानात अकिरा नाकाशिमा आणि रशियात शेस्ताकोव्ह हेही त्याच सुमारास त्याच वाटेवर होते. वरठीच्या पोलाद कारखान्यासारख्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी नियंत्रकाच्या पडद्यावर जी लॅडर, म्हणजे शिडीसारखी आकृती, दिसते, ती याच रिले-नकाशांची वारस. तेव्हा मोजायचे ते कॉन्टॅक्ट. पुढे व्हॉल्व्ह आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेल्या आणि १९६० साली पूर्ण झालेल्या टिफ्रॅक संगणकात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. प्रत्येक व्हॉल्व्ह तापणार आणि एक ना एक दिवस जळणार. तिथे एक गेट वाचवणं म्हणजे दुरुस्तीची एक खेप वाचवणं.

के-मॅप या काळातला. व्हीचने १९५२ साली तक्ता मांडला, बेल लॅबच्या कार्नॉने १९५३ साली त्याची घरं नीट लावली. क्वाइन हा हार्वर्डचा तत्त्वज्ञ. त्याच्या पद्धतीला मॅक्लस्कीने १९५६ साली यंत्राला जमेल असं रूप दिलं. तक्ता डोळ्यांना भावतो, पण पाच-सहा चलांपुढे हात टेकावे लागतात. पुढचं काम आज्ञावलीच करते. या साऱ्यांचं गृहीत एकच: आधी 'आणि'चा एक थर, वर 'किंवा'चा एक थर आणि त्यात पदं कमीत कमी. हे गृहीत शिकवताना क्वचितच उच्चारलं जातं, ही माझी तक्रार आहे.

ते कुठे कोसळतं हे पाहायला जिन्यातला दिवा पुरे. वरचं बटण दाबलं तरी दिवा बदलतो, खालचं दाबलं तरी बदलतो. हा एक्स-ऑर. चार बटणांचा असा दिवा के-मॅपवर मांडला, तर बुद्धिबळाचा पट उमटतो: एकाला लागून दुसरा एक कुठेच नाही, जोडी लागत नाही. आठ पदं, प्रत्येकात चारही चलं. सोपं करण्यासारखं काहीच नाही असं तक्ता सांगतो. तेच काम तीन एक्स-ऑर गेट करतात. आठ बटणं घेतली तर १२८ पदं एकीकडे, सात गेट दुसरीकडे.

मग 'किंवा'लाच रजा दिली तर? मॉस्कोच्या झेगाल्किनने १९२७ साली नेमकं हेच केलं. बेरीज दोनच्या चक्रात, एक अधिक एक म्हणजे शून्य: हाच एक्स-ऑर, चिन्ह ⊕. या हिशेबात कुठलंही तार्किक फलन 'आणि' व एक्स-ऑर यांच्या बहुपदीत लिहिता येतं, आणि 'नाही' न वापरता लिहिलेली अशी बहुपदी प्रत्येक फलनाला एकच असते. १९५४ साली मुलर आणि रीड यांनी ही मांडणी सर्किट व संकेतशास्त्रात रुजवली. फुकट मात्र काही नसतं. 'अ किंवा ब' हे साधं फलन इथे 'अ ⊕ ब ⊕ अब' असं लांबतं. शिवाय साध्या नँड गेटला चार ट्रान्झिस्टर लागतात, एक्स-ऑरला नेहमीच्या रचनांत आठ ते बारा. पण सुधाकर रेड्डी यांनी १९७२ साली दाखवलं की अशा पद्धतीने बांधलेल्या 'न' चलांच्या सर्किटमधला, शून्यावर किंवा एकावर अडकलेला दोष फक्त 'न + ४' चाचण्यांत पकडता येतो. अट इतकीच की इनपुटच्या तारा धड असाव्यात. फलन कोणतं आहे याने फरक पडत नाही. गेट जास्त, चाचणी स्वस्त. चिप कारखान्यातून बाहेर पडताना हा सौदा छोटा नाही.

तिसरी वाट बहुमताची. तीन इनपुट, दोघे म्हणतील ते खरं. बेरजेतला हातचा हे असंच बहुमत आहे. एक इनपुट कायम शून्य ठेवलं की हेच गेट 'आणि' होतं, कायम एक ठेवलं की 'किंवा'. लोझानच्या संशोधकांनी (अमारू, गायार्दों, द मिकेली) २०१४ साली यावर आलेखांची पद्धत उभी केली. बेरीज-गुणाकाराच्या सर्किटांत हातच्याची लांब साखळी तिने आखूड होते, म्हणजे वेळ वाचतो.

आता जरा घरचं. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'वैदिक मल्टिप्लायर' हा प्रकल्प फार लाडका. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांचं नागपूरशी जवळचं नातं होतं. १९६५ साली मरणोत्तर निघालेल्या त्यांच्या वैदिक गणितावरच्या पुस्तकातलं 'ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्' हे सूत्र मुलं एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर, उतरवतात. पुस्तकाच्या वैदिक असण्यावर गणिती श्री. गो. दाणी यांनी सडेतोड लिहिलं आहे, तो वाद तूर्त बाजूला. सर्किट म्हणून पाहिलं तर चार बिटांच्या गुणाकाराला इथेही १६ 'आणि' गेट लागतात, शाळेतल्या गुणाकाराइतकेच. वेग ठरतो तो स्तंभांची बेरीज कशी रचली यावर, आणि ते काम वॉलेसने १९६४ साली व दद्दाने १९६५ साली करून ठेवलं आहे. त्यात एफपीजीएचं माप आणखी वेगळं. तिथे गेट नसतात, अनेकदा ६४ बिटांचे तयार तक्ते असतात. सहा चलांचं कुठलंही फलन, सोपं असो वा वेडंवाकडं, एकाच तक्त्यात मावतं. तेवढ्यापुरता के-मॅप करणं म्हणजे कागद वाया घालवणं. प्रकल्प अहवालात 'गेट वाचले' असं लिहिणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

उलटंही घडतं: लहान केलेलं सर्किट मुद्दाम मोठं करावं लागतं. 'अब + अ′क + बक' यातलं 'बक' हे पद परीक्षेत खोडायचं असतं, कारण पहिली दोन पदं त्याला पोटात घेतात. पण ब आणि क दोन्ही एक असताना अ पालटला, तर दुसरं गेट चालू व्हायच्या आधीच एक गेट बंद होऊ शकतं आणि क्षणभर आउटपुट शून्याला टेकतं. त्या क्षणात पुढची मेमरी चुकीचं वाचू शकते, म्हणून अनुभवी माणूस खोडलेलं पद परत लिहितो.

याचं टोक पाहायचं तर रेल्वेकडे जावं. मुंबई–हावडा मार्गावर, जिथून तिरोडीचा फाटा मँगनीजच्या पट्ट्याकडे वळतो त्या तुमसर रोडसारख्या जंक्शनवर, सिग्नल हिरवा व्हायला पुढचा रूळ मोकळा हवा, सांधे बसून कुलूपबंद हवेत, विरोधी सिग्नल लाल हवेत. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमध्ये या अटी थेट बूलच्या समीकरणांसारख्या लिहिल्या जातात; रिले असतील तर तीच समीकरणं तारांनी जोडलेली. पण इथे पदं वाचवायची हौस कुणाला नसते. ज्या रिलेचे कॉन्टॅक्ट धातूवर धातू असे असतात, ते वितळून चिकटू शकतात. म्हणून रिले खरोखर खाली पडला का, हे दाखवणारा जादा कॉन्टॅक्ट सर्किटमध्ये घालतात. कार्बन कॉन्टॅक्टच्या, वजनाने आपोआप पडणाऱ्या रिलेत ही काळजी कमी. यार्डात जाणाऱ्या सर्किटांना तर 'डबल कटिंग' असतं: एकच अट, पण तिचा कॉन्टॅक्ट धन तारेतही आणि ऋण तारेतही. बूलने १८५४ च्या ग्रंथात क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष हा नियम पायाशी ठेवला; त्या नियमाने दुसरा कॉन्टॅक्ट निव्वळ फालतू ठरतो. मात्र केबल चिरून एका तारेत परका विद्युतप्रवाह शिरला, तर एकेरी कापलेला रिले उचललेलाच राहील. दुहेरी कापलेला पडेल आणि सिग्नल लाल होईल. असा नकाशा के-मॅपने आटोपशीर करून कुणी मंजुरीला पाठवला, तर तो लाल शाईने परत येतो.