वारीच्या पिशवीत मच्छरदाणीही असू द्या

आषाढी जवळ आली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब कमी आणि वारीच्या गप्पा जास्त होतात. परवा एक मावशी म्हणाल्या, "गेल्या वर्षी वारीहून आले आणि पाचव्या दिवशी ताप भरला. चालून अंग दुखतंय असं वाटलं, काढा घेऊन पडून राहिले. चार दिवसांनी रक्त तपासलं तर डेंग्यू!"

मावशी बऱ्या झाल्या. पण तेव्हाच आम्ही ठरवलं, यंदा डासांचंही बोलायचं.

हिवतापाचा डास रात्री चावतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. म्हणजे आपण विसाव्याला पाय मोकळे करून बसतो तेव्हाही तो असतो. म्हणून नुसती रात्रीची काळजी पुरत नाही.

मच्छरदाणी आताच काढून बघा, भोकं असतील तर शिवा. राहुटीत दोघी-तिघींना मिळून एक मोठी चालते. कडा सतरंजीखाली खोचा. जाळीला अंग टेकलं तर डास बाहेरूनच चावतो. तान्हं बाळ बरोबर असेल तर ते दिवसा झोपतानाही जाळीखालीच ठेवा.

साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मुक्कामाला पायमोजे घाला. उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा, घाम आला की पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पुन्हा लावा. मुलांच्या हाताला लावू नका, हात तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम नकोच. बंद राहुटीत कॉइलही नको. धूर छातीत जातो, शिवाय कापड पेटायची भीती. राहुटी डबक्यापासून, नाल्यापासून लांब ठोका.

आता घराकडे बघू. आपण दोन-तीन आठवडे बाहेर असतो. साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. निघण्याआधी पिंप, हंडे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, घासून पालथ्या घाला. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून सुकी राहिली तरी जगतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. घरी कुणी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा हे काम त्यांना सांगून जा.

आणि शेवटची, सगळ्यात मोठी गोष्ट. परत आल्यावर महिनाभरात ताप आला तर तो शीण समजू नका. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा, "आम्ही वारीहून आलोय," आणि रक्त तपासून घ्या. दुकानातून अंगदुखीची गोळी परस्पर आणू नका, डेंग्यूत काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर ताप उतरलेला असला तरी लगेच दवाखाना गाठा.

येत्या बैठकीला आपापल्या मच्छरदाण्या आणा. सुई-दोरा आम्ही आणतो.

राम कृष्ण हरी!