न प्रसवलेल्या आईचे बाळंतपण

प्रसूत झालेल्या स्त्रीसाठी आपल्या समाजाने सव्वा महिन्याचा विसावा राखून ठेवला आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, माहेरचा आधार, सारे तिच्या दिमतीला असते. परंतु ज्या स्त्रीच्या ओटीत मूल अवचित येते, बहिणीच्या निधनाने, सुनेच्या अपमृत्यूने किंवा दत्तकविधानाने, तिचे बाळंतपण कोण करते?

वाचकहो, असे मातृत्व आपल्याला नवे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. सावित्रीबाई तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच १० मार्चला सावित्रीबाईंचे निधन झाले. रक्ताचे नाते नसलेले हे कुटुंब कोणत्याही कुटुंबाइतकेच खरे होते.

आपल्या भागाने याचे दुसरे रूप पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. हजारो माणसे गेली आणि असंख्य मुले पोरकी झाली. काहींना नळदुर्गच्या ‘आपलं घर’सारख्या संस्थांनी सांभाळले. अनेक मुलांच्या मात्र आजी, मावशी, आत्या याच आई झाल्या. स्वतःचा शोक गिळून त्या पहिल्याच दिवसापासून चुलीपाशी बसल्या.

आजही दवाखान्यात अशी आजी येते ती नातवाचा ताप घेऊन. तिचा स्वतःचा रक्तदाब तपासून महिने लोटलेले असतात. अपुरी झोप, वेळी-अवेळी जेवण आणि मनात दडपलेले दुःख यांमुळे रक्तदाब व मधुमेह आटोक्याबाहेर जातात. नैराश्यही केवळ प्रसूतीनंतरच येते असे नाही. ते दत्तक घेणाऱ्या मातेला आणि पित्यालाही येऊ शकते. सतत रडू येणे, मुलाविषयी काहीच न वाटणे, झोप उडणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास तो दोष मानू नये, उपचार घ्यावेत. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

मुलाकडेही डोळसपणे पाहावे. लसीकरणाची नोंद, वजन-उंची, रक्तातील हिमोग्लोबिन, दृष्टी व श्रवण यांची तपासणी प्रथम करून घ्यावी. तान्ह्या बाळाला वरचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने, स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे. बाटली टाळावी. थोडे मोठे मूल अन्न लपवून ठेवील, अंथरूण ओले करील, रात्री दचकून उठेल. ही खोड नव्हे, भीती असते. तिला शिक्षा नको, ठरलेल्या वेळेचे जेवण, तीच अंगाई आणि तोच हात हवा. ते कोठून आले हे त्याला लहानपणीच, त्याला समजेल अशा सोप्या शब्दांत घरच्यांनीच सांगावे. शेजाऱ्याच्या तोंडून कळलेले सत्य अधिक जिव्हारी लागते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कोणी परस्पर मूल देऊ केल्यास ते घेऊ नये. तो कायद्याने गुन्हा आहे. जिल्ह्याची बाल कल्याण समिती किंवा १०९८ येथे कळवावे. नात्यातील अनाथ मूल सांभाळणाऱ्यांनी सावित्रीबाईंच्याच नावाच्या राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेची चौकशी करावी.

आपल्या घरात वा शेजारी असे मातृत्व आले असेल, तर बाळाला झबले नेताना त्या स्त्रीचीही विचारपूस करावी. रात्रीची एक पाळी घरातील दुसऱ्या कोणी घ्यावी, तिला चार तास सलग झोपू द्यावे, महिन्यातून एकदा तिचा रक्तदाब मोजून घ्यावा. मूल तिच्या पोटी आले नसेल, पण त्याची जागरणे तीच सोसते. म्हणून विसाव्यावरही तिचाच हक्क आहे.